आर्विनबरोबर बागियोला

नोव्हेंबरच्या अखेरीला शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली, तेव्हा सेव्हेरिनोने धीर करून मुलाला फोन लावला. "चल, कुठेतरी जाऊन येऊ. समुद्राच्या कडेकडेने बावांगपर्यंत, मग वर डोंगरात बागियोला." नकार ऐकायची त्याने तयारी ठेवली होती. पण आर्विन लगेच म्हणाला, "जाऊ या. गाडी मी आणतो." फोन ठेवल्यावर सेव्हेरिनो बहिणीला तेच तेच सांगत बसला, शेवटी ती म्हणाली, "कळलं रे बाबा, आता जेव."

सेव्हेरिनो जहाजावर स्वयंपाकी होता. आर्विन रांगत होता तेव्हा तो पहिल्यांदा जहाजावर चढला आणि गुडघे अगदीच निकामी झाले तेव्हा कायमचा उतरला. मधल्या वर्षांत त्याची बायको लुर्देस वाट बघून थकली आणि बर्तिंग नावाच्या टॅक्सीवाल्याच्या घरी राहायला गेली. आर्विन तिथेच वाढला. आता तो मनिलात नोकरी करत होता आणि जानेवारीत त्याचं लग्न होतं. चर्चमध्ये रिवाजाप्रमाणे नवरदेवाच्या एका बाजूला लुर्देस, दुसऱ्या बाजूला आपण, मधे आर्विन, असं चालत वेदीपर्यंत जायचं, हे सेव्हेरिनोने मनात कितीदा तरी चालून पाहिलं होतं. अजून कुणी तसं बोललं नव्हतं, एवढंच.

शनिवारी दुपारी ते बावांगला पोचले. किनाऱ्यावर माणूस मावत नव्हता. पोरं लाटांत किंचाळत होती, बायका भाताची मोठमोठी पातेली घेऊन वाळूत बसल्या होत्या. सेव्हेरिनोने कोळणीकडून ताजा मासा घेतला, पोटात आलं-कांदा भरून निखाऱ्यावर भाजला आणि केळीच्या पानावर आर्विनपुढे ठेवला.

"कसा झालाय?"

"छान झालाय. तुम्ही पण घ्या ना."

आर्विन त्याला अहो-जाहो करी. बाबा किंवा आणखी काही म्हणून हाक मारायची वेळ आली, की 'ऐका ना' म्हणे. परक्याच्या घरी जेवावं तसा तो जपून जेवला, काटे एका बाजूला नीट लावून ठेवले आणि हात धुताना आभार मानले. सेव्हेरिनोने उरलेला मासा किनाऱ्यावरच्या एका कुत्र्याला घातला.

रविवारी ते घाटाला लागले. सगळ्या मनिलाने बागियोचाच रस्ता धरला होता, गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या. अर्धा घाट चढला असेल-नसेल, तेवढ्यात बॉनेटमधून भसकन पांढरं काहीतरी उसळलं. आर्विनने कशीबशी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि सेव्हेरिनोने काही विचारायच्या आत फोन लावून स्पीकर चालू केला.

"ए बाबा, गाडी तापली रे! धूर निघतोय."

"धूर की वाफ? डोळे उघडून बघ, गाढवा." आवाज बर्तिंगचा होता.

"वाफ."

"मग रडतोस काय? बंद कर आणि गप्प बस तासभर."

जन्मभर उकळत्या भांड्यांवरची झाकणं उचललेला सेव्हेरिनो. त्याने सवयीने फडकं हातावर गुंडाळलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला.

"आणि झाकणाला हात लावू नकोस हां! तोंड भाजून घेशील, नवरदेवा."

"अहो, हात काढा!" आर्विन ओरडला. सेव्हेरिनोने झटकन हात मागे घेतला.

"कोण, सेव्हेरिनोदादा का?" बर्तिंगचा सूर एकदम मवाळ झाला. "दादा, लागलं नाही ना? स्वेटर आणलाय का? वर गारठा असतो. आर्विन, तुझं जाकीट दे त्यांना." मग जरा थांबून, "त्यांना सांगितलंस का रे ते?"

आर्विनने घाईघाईने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून तो लांब, वळणापर्यंत गेला. धुकं उतरत होतं. त्यात तो पाठमोरा उभा होता, हातवारे करत, हसत. सेव्हेरिनोने मुलाला असं हसताना प्रथमच पाहिलं.

परत येऊन आर्विनने जाकीट काढून दिलं. सेव्हेरिनोने ते अंगात घातलं. दोघं कठड्यावर बसले. खाली कुठेतरी समुद्र असणार, पण काहीच दिसत नव्हतं.

"लग्नात वेदीपर्यंत तुझ्या आईबरोबर बर्तिंग चालत जाईल," सेव्हेरिनो म्हणाला. "तेच बरोबर आहे. माझे गुडघे तसेही..."

आर्विन एकदम त्याच्याकडे वळला. "मी हेच... मला कळतच नव्हतं कसं सांगावं. तुम्हाला राग नाही ना आला?"

"छे. राग कसला?"

आर्विनने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं सेव्हेरिनोला स्पष्ट दिसलं. मुलगा सहलीला एवढ्या चटकन का तयार झाला, हेही त्याला तेव्हाच कळलं.

गाडी निवाल्यावर त्यांनी पाणी भरलं आणि वर गेले. त्यानंतर आर्विन बोलायचा थांबेना. बागियोच्या तळ्यात होडी वल्हवताना त्याने होणाऱ्या बायकोच्या गमती सांगितल्या, साहेबाची नक्कल केली, एकदा तर सेव्हेरिनोच्या पाठीवर थापही मारली. सोमवारी परतताना, खाली समुद्र पुन्हा लागल्यावर, तो गाणं गुणगुणत होता. सेव्हेरिनो हसायच्या जागी हसला. हे सगळं त्याला हवं होतं, या तीन दिवसांत याचीच तर तो वाट बघत होता. फक्त आता मुलाला त्याच्याकडून काहीच नको होतं, म्हणून ते मिळत होतं.

बहिणीच्या गल्लीच्या तोंडाशी आर्विनने गाडी थांबवली. "लग्नाला लवकर या हं. पुढची जागा ठेवतो तुमच्यासाठी."

"येतो. सावकाश जा."

बहिणीने दार उघडलं. "काय रे, कशी झाली सहल? बोलला का पोरगा?"

"बोलला," सेव्हेरिनो म्हणाला. "खूप बोलला."

ती सूप गरम करायला आत गेली. तो बाकावर बसला, गुडघे चोळत, आणि तिने हाक मारेपर्यंत तसाच बसून राहिला.