पुकाऱ्यातलं नाव

रोमजवळच्या प्रेनेस्ते गावच्या नुमिसियसवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला, तेव्हा विरुद्ध साक्ष कोण देणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

"तो वेट्टियसच असणार, दुसरं कोण? निवडणुकीत माझ्यापुढे आपटला तेव्हापासून डूख धरून आहे," आदल्या दिवशी तो अगाथोला म्हणाला. "तू उद्या फक्त माझ्यासोबत ये."

"मी असेन तिथे, धनी," अगाथो म्हणाला.

अगाथो त्याचा पूर्वीचा गुलाम. वीस वर्षांपूर्वी नुमिसियस तापाने फणफणला होता आणि सख्खे भाऊही उंबऱ्याबाहेर थांबत होते, तेव्हा याच माणसाने त्याला चमच्याचमच्याने पेज भरवली होती. बरा होताच नुमिसियसने त्याला मुक्त केलं, रिवाजाप्रमाणे आपलं नाव दिलं आणि आपल्या पंगतीला बसवलं.

रोमला, सिनेटमध्ये साक्षीदाराचा पुकारा झाला. "गायस नुमिसियस..."

आपल्यालाच बोलावलं असं वाटून नुमिसियस उठून उभा राहिला. पण पुकारा अजून पुरा व्हायचा होता.

"...अगाथो!"

अगाथो पुढे आला. मान खाली न घालता त्याने सांगितलं, "जेवण झाल्यावर अंजिराच्या झाडाखाली धनी म्हणाले, सम्राट इतका म्हातारा झालाय की मरणसुद्धा त्याला विसरलंय."

अक्षर न् अक्षर खरं होतं. झाडाखाली तिसरं माणूस नव्हतंच.

त्याला बेटावर हद्दपार केलं. घर जप्त झालं आणि कायद्याने त्यातला चौथा हिस्सा साक्षीदाराला मिळाला. शिपाई न्यायला आले, तेव्हा अगाथो दारातच उभा होता.

"कुणी धाक घातला का रे तुला?" नुमिसियसने विचारलं. अगाथो हो म्हणाला असता, तरी नुमिसियसला बरं वाटलं असतं.

"नाही."

"मग? काय कमी केलं मी तुला?"

"काही नाही. पण दर पंगतीला पाहुण्यांना सांगायचात, 'याला मी माणसांत आणलं!' मी घास हातात धरून हसायचो. वीस वर्षं हसलो, धनी. मोकळं केलंत, पण एक दिवस विसरू दिलं नाहीत."

"अरे, कौतुकाने सांगायचो मी!"

"कौतुक कुत्र्याचंही करतात."

पाच वर्षांनी सम्राट वारला. नव्या सम्राटाने हद्दपारांना परत बोलावलं आणि नुमिसियस लेकीकडे येऊन राहिला. अगाथोने कापुआला दुकान थाटल्याचं त्याला कळलं. "जा, चांगला जाब विचारा," शेजारी म्हणाले. तो गेला नाही. बेटावर रोज त्याने त्या बोलण्याचा विचार केला होता आणि त्यातलं निम्मं त्याला पटलंही होतं. माफी मात्र मनातून येत नव्हती.

एकदा बाजारात त्याला अगाथोसारखीच रुंद पाठ, तशीच चाल दिसली. माणूस कुणी परकाच निघाला. पण घेतलेले कांदे तिथेच टाकून नुमिसियस घरी परतला.