पाठमोरी पाटी

ज्या पबातला गालिचा झिजलेला, तिथली बिअर चांगली, असे माझे साधे मत आहे. गालिचा झिजतो तो माणसांच्या पायांनी, आणि माणसे एकाच जागी पुन्हा पुन्हा उगाच येत नाहीत. उलट ज्या पबात भिंतीवर शोभेला घोड्यांच्या साजाचे पट्टे टांगलेत आणि फळीवर कोणी कधी न उघडलेली पुस्तके रचलीत, तिथून मी दारातूनच परत फिरतो. मोठ्या पडद्यावर फुटबॉल चालू असेल तर बिअर गॅसच्या दाबाने वर ढकललेली असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पिंपातली बिअर जिवंत असते. तळघरात तिला निवांत बसू द्यावे लागते, हातपंपाने हळू वर ओढावे लागते, आणि पिंप एकदा सुरू केले की चार दिवसांत संपवावे लागते. नाहीतर ती आंबते. बेल्परपासून वर्क्सवर्थपर्यंतच्या निम्म्या पबवाल्यांना हे अजून उमगलेले नाही, आणि मी त्यांना ते आयुष्यभर ऐकवत आलो आहे.

मी नेव्हिल रॅग. खाणीतल्या दगडाचे ट्रक चालवून निवृत्त झालो. शनिवार आला की डेरेक टनिक्लिफबरोबर बसने निघायचे आणि डरवेंट नदीच्या खोऱ्यातले पब हिंडायचे, हा आमचा जुना परिपाठ. बोलायचे काम माझे. डेरेक प्लंबर होता, आणि पाइपांशी बोलावे लागत नाही म्हणूनच त्याने तो धंदा धरला असावा. बिअर चांगली असेल तर तो म्हणतो, "ठीक." फारच चांगली असेल तर, "ठीक आहे." वाईट असेल तर काहीच म्हणत नाही, ग्लास उचलतो आणि काउंटरवर नेऊन ठेवतो. आमच्याकडे ती रीतच आहे. आंबलेला पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, परत नेताना गिऱ्हाइकाने गवगवा करायचा नाही, आणि मालकाने वाद न घालता बदलून द्यायचा. मीही नेतो, फक्त मला गप्प बसून नेता येत नाही.

आता बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत मला सणकून ताप आला. ताप उतरला आणि जाताना माझे नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. वास नाही, चव नाही, खारट नाही, आंबट नाही. तोंडात काहीही घातले तरी ओला कापूस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परत येईलही, कदाचित नाहीही येणार. शीलाने केलेला कोबी मी मुकाट्याने खातो हे पाहून तिला वाटते की म्हातारपणी नवरा सुधारला.

मी कोणाला बोललो नाही, कारण मला भीती वाटत होती. हसू नका. नेव्हिल रॅगची जीभ म्हणजे नेव्हिल रॅग, असे सगळे खोरे समजते. ज्याला पाण्यातला आणि बिअरमधला फरक कळत नाही, त्याला शनिवारी हाक कोण मारणार? डेरेक सभ्य माणूस. तो "ठीक" म्हणेल, आणि पुढच्या शनिवारपासून फोन वाजायचा बंद होईल. एवढ्यासाठी मी सात-आठ महिने सोंग वठवत होतो. बिअर किती नितळ आहे ते उजेडात धरून बघायचे, फेस ग्लासला कडी धरतो का ते बघायचे, गारवा तळहाताने जोखायचा, आणि मुख्य म्हणजे डेरेकच्या भुवया बघायच्या. बाकी मते माझ्याकडे जुनी भरपूर साठलेली होती.

पण त्या शनिवारी काम जोखमीचे होते. पिंपातल्या बिअरच्या चाहत्यांचे आमचे मंडळ आहे, त्याचे वर्षातले एक बक्षीस असते, खोऱ्यातला सर्वांत चांगला पब. तीन पब उरले होते. तिन्हीकडे जाऊन निकाल ठरवायला मला नेमले होते, आणि सोबतीला डेरेकला. संध्याकाळच्या बैठकीत उभे राहून कारणे सांगायची होती. पकडला गेलो असतो तर निकाल द्यायचा मानही गेला असता आणि शनिवारही.

पहिला पब बेल्परचा 'ओल्ड नेलर'. मालक कॅलम म्हणून एक दाढीवाला तरुण. गालिचा नाही, पत्र्याच्या खुर्च्या, आणि फळ्यावर खडूने लिहिलेल्या दहा बिअर. त्यातल्या एकीत आंबा.

"आंबा?" मी म्हणालो. "अरे, ज्यांच्या देशात आंबा पिकतो ते लोकसुद्धा तो बिअरमध्ये घालत नाहीत."

"एक घोट घेऊन तर बघा, काका," कॅलम हसून म्हणाला आणि औषधाच्या मापाएवढे दोन ग्लास पुढे केले.

मी घेतला. कापूस. डेरेकच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत, त्याचा ग्लास मात्र हळूच माझ्या कोपराकडे सरकला, म्हणजे वाईट. मी लगेच म्हणालो, "फळांचं दुकान काढ बाबा तू, चांगलं चालेल." कॅलमला राग आला नाही. मुलगा वाईट नव्हता, तळघर स्वच्छ होते, पण आंबा तो आंबाच.

दुसरा क्रॉमफर्डचा 'टोल बार'. तिथला गालिचा इतका झिजला आहे की नक्षी आठवणीतून बघावी लागते. मालक जेराल्ड स्लॅक हा खोऱ्यातला सर्वांत आंबट चेहऱ्याचा माणूस. त्याच्या पंपाच्या तोंडाला फेस आणणारी बारीक चाळणी लावलेली असते. ती लावावी की लावू नये यावरून आमच्या मंडळात सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले आहे, तेव्हा इथे मी माझे मत देत नाही. ती काढून टाकावी.

"दोन बिटर," मी कडवट, तांबूस बिअरच्या पंपाकडे बोट दाखवून म्हटले.

"संपली," जेराल्ड म्हणाला.

"मग पाटी सरळ कशाला ठेवलीस?"

"माझी पाटी. मी ठेवीन तशी ठेवीन."

आता हे मला चालत नाही. प्रत्येक पंपावर त्या बिअरच्या नावाची पाटी असते. पिंप संपले किंवा बिघडले की मालकाने ती फिरवायची, पाठ गिऱ्हाइकाकडे करून. पाठमोरी पाटी दिसली की शहाणा माणूस मागत नाही. ज्याला पाटी फिरवायची लाज वाटते तो तळघरात आणखी काय काय करत असेल, हा विचार मी मोठ्याने बोलून दाखवला. जेराल्डने दुसऱ्या पंपातून पाइंट काढून आदळले. डेरेक पिऊन म्हणाला, "ठीक." मीही मान डोलावली आणि म्हणालो, "जरा जास्तच गार ठेवतोस तू." गारवा मला हाताला कळला होता. तेवढेच एक खरे होते.

तिसरा वर्क्सवर्थचा 'लेम पोनी'. दारावरच्या फळीवर लंगडे तट्टू रंगवलेले आहे, आणि त्याचा चेहरा थेट आमच्या मंडळाच्या चिटणिसासारखा आहे. मालकीण पॉलीन ऑल्सप. कोपऱ्यात म्हातारा वॉल्ट दोघा-तिघांबरोबर डॉमिनो खेळत होता. काउंटरवर चीज-कांदा भरलेले गोल पाव, आमच्याकडचे कॉब, झाकून ठेवलेले. मला हा पब फार आवडतो आणि तिथे खोटे बोलायचे माझ्या जिवावर आले होते.

"आले का न्यायाधीश!" पॉलीन म्हणाली. "बसा राजांनो. तुमची नेहमीचीच देते."

तिने दोन पाइंट ओढले. डेरेक ते टेबलावर घेऊन गेला आणि मी मागच्या अंगणातल्या मुतारीकडे. या वयात बसचा प्रवास झाला की आधी तिकडे जावे लागते.

परत आलो तो मागच्या दाराने. डेरेक काउंटरपाशी माझ्याकडे पाठ करून उभा होता. पॉलीन दिसत नव्हती. माझा पाइंट टेबलावर होता. रंग तांब्याचा, फेसही बरा. मनात म्हटले, डेरेकच्या भुवया आत्ता समोर नाहीत, पण 'लेम पोनी'ची बिअर आहे, इथे चूक व्हायची नाही. मी उभ्या उभ्या अर्धा ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि भाषणच सुरू केले.

"ऐका लेको! याला बिअर म्हणतात. भाजलेल्या बिस्किटाची चव, मागून संत्र्याच्या सालीचा झटका, आणि शेवट कसा, स्वच्छ! त्या आंबेवाल्या पोराला आणून पाजा कोणीतरी."

डॉमिनोच्या सोंगट्यांचा आवाज थांबला. वॉल्ट तोंड उघडे टाकून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटले, वक्तृत्वाचा परिणाम. मग माझी नजर काउंटरवर गेली. आमच्या बिटरच्या पंपावरची पाटी पाठमोरी होती.

पॉलीन तळघराच्या जिन्यावरून वर येत होती, नवे पिंप जोडून. काउंटरवर परत केलेले तीन-चार भरलेले ग्लास उभे होते. वॉल्टचा होता, डेरेकचाही होता. पिंप आंबले होते. सगळ्यांनी एकेक घोट घेऊन, गवगवा न करता, ग्लास परत नेले होते. आणि मी त्याच व्हिनेगरचे गुणगान गात मध्यभागी उभा होतो. खोटे सांगत नाही, ट्रकचे ब्रेक निकामी झाले तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

तेवढ्यात डेरेकने काय केले, तर काउंटरवरचा आपला परत केलेला ग्लास उचलला, टेबलाशी आला, माझ्यासमोर बसला आणि घटाघट प्यायला लागला. पाइंट हाताला जरा कोमट लागला तरी परत नेणारा हा माणूस. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, कान लाल झाले. ग्लास अर्ध्यावर आणून त्याने खाली ठेवला.

"ठीक आहे," डेरेक म्हणाला.

"अरे डेरेक, ती तर साफ..." वॉल्टने सुरुवात केली.

"वॉल्ट, तू तुझ्या सोंगट्या सांभाळ," पॉलीन म्हणाली. ती शांतपणे आली आणि दोन्ही ग्लास उचलून घेऊन गेली. जाताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिलाही समजले होते.

आम्ही बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. समोर उताराचा रस्ता आणि बसचा थांबा. बराच वेळ डेरेक तोंडातली चव घालवायला पेपरमिंट चघळत होता.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"फेब्रुवारी. तापानंतर."

"हं. ईस्टरलाच वाटलं होतं मला."

"कशावरून?"

"शीलाच्या ट्रायफल पुडिंगला तू नावं ठेवली नाहीस."

"मग बोलला का नाहीस, लेका?"

"म्हटलं, सांगशील तू."

मला राग आला, आणि रडू आले, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी ओरडलोच. "कसं सांगणार? सांगितलं असतं तर तू फोन केला असतास का? जीभच नाही, त्या नेव्हिलला घेऊन काय पबात जायचं?"

मग डेरेकने मी त्याच्याकडून ऐकलेले सर्वांत लांब भाषण केले.

"तुझ्या जिभेसाठी येतो होय मी? माझी जीभ आहे की मला. माझी मेव्हिस वारल्यापासून घरात टिकटिक सहन होईना म्हणून घड्याळसुद्धा मी बंद करून ठेवलंय. आठवड्यात कोणी माझ्याशी बोलत असेल तर तू. त्यातलं निम्मं मी ऐकत नाही, ते सोड. पण चालू असावं लागतं."

बस आली. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिले, डेरेकने हाताने जा म्हणून सांगितले. बस गेली.

"संध्याकाळी काय सांगायचं?" मी नाक पुसत म्हणालो. "खरं सांगून टाकतो. माझी जीभ गेली म्हणून. पण बक्षीस पॉलीनला."

"तिनं आंबलेली पाजली तुला."

"आणि पहिला ग्लास परत आल्याबरोबर पाटी फिरवली. कोणाची वाट बघितली नाही. पिंप कोणाचंही आंबतं, डेरेक. पाटी फिरवायला छाती लागते." हे बोलताना मला माझीच लाज वाटली, पण मत खरे होते आणि ते द्यायला जीभ लागत नव्हती.

आम्ही आत गेलो. पंपावरची पाटी सरळ झाली होती. पॉलीनने नव्या पिंपातले दोन पाइंट न मागता पुढे ठेवले आणि ग्लास पुसत तिथेच उभी राहिली. डेरेकने घोट घेतला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

"ठीक आहे म्हणजे काय?" मी म्हणालो. "आता माझ्याकडे तुझ्याशिवाय काही नाही. नीट सांग."

डेरेकचे कान पुन्हा लाल झाले. त्याने आजूबाजूला बघितले. वॉल्ट सोंगट्यांकडे बघण्याचे नाटक करत होता. डेरेकने ग्लास त्याच्याखालच्या पुठ्ठ्यावर गोल फिरवला, पुन्हा घोट घेतला, आणि पाइपातली गळती शोधावी तसा डोळे मिटून बसला.

"आधी पावाची कड," तो म्हणाला. "जळलेली नाही. जळायच्या थोडी आधीची."

"पुढे?"

"मग गवत. कापलेलं, पण आजचं नाही. कालचं."

"कडू?"

"कडू आहे. पण उशिरा येतं. तुझ्यासारखं दारातच नाही."

वॉल्ट खुदकन हसला. मी ग्लास उचलून डेरेकबरोबर एक घोट घेतला. तोंडात कापूस होता तसाच होता.

"आणि शेवटी," डेरेक म्हणाला आणि अडला. शब्द सापडेना म्हणून त्याने हवेत हात हलवला. "तुझ्या वडिलांची शेड आठवते? आपण पोरं असताना आत शिरायचो. मागच्या फळीवर सफरचंदं असायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. हिवाळ्यात उघडली की वास यायचा, तो. तसं काहीतरी. अगदी तळाशी."

मला ती शेड आठवली. कागद ओलसर असायचा आणि त्याची शाई बोटांना लागायची. वडिलांची चाहूल लागली की डेरेक आधी पळायचा.

मी ग्लास खाली ठेवला नाही.

"अजून सांग," मी म्हणालो.

डेरेकने पुन्हा डोळे मिटले.