माझ्या पोटाखालचं हिरवं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. माझ्याजवळ आलात तर आधी एक काम करा. खाली वाका आणि माझ्या पोटाखाली बघा. तिथे फरशीत परातीएवढी एक खोलगट जागा आहे. ती कोरडी आहे ना, एवढंच मला सांगा. मग मी माझी गोष्ट सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी हाडं, आतडी, डोळे सगळं वेगवेगळ्या टोपल्यांतून आलं आणि सरकत्या पट्ट्यावर एकेकाने मला जोडत नेलं. शेवटी मला सायीच्या रंगाचा हात दिला. एका कामगाराने माझं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आवाज बघ कसा येतो! दार असावं तर असं." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. म्हातारपणी माणसं करतात तशी मीही ती आठवण अधूनमधून काढून पुसून ठेवते.

मला एका फोटोग्राफरने घेतलं. माणूस शांत आणि फार काटेकोर. कॅमेऱ्याची काच पुसायच्या मऊ फडक्याने तो माझे आरसे पुसायचा. घरात त्याची बायको, सात-आठ वर्षांची मुलगी आणि त्याचा धाकटा भाऊ. मुलगी अखंड बडबडायची म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. भावाला नुसतं धाकटा म्हणत. तो चांगला तेवीस वर्षांचा झाला होता, तरी धाकटाच. आणि एक कुत्रा होता. त्याचं नाव हवालदार, कारण तो ड्यूटीवर झोपायचा.

हवालदाराची झोपायची जागा म्हणजे मी सांगितली ती खोलगट फरशी. मी बाहेरून आले की माझं इंजिन तासभर ऊब देत राहायचं आणि तो बरोबर त्याच्याखाली येऊन वेटोळं करायचा. मला बरं वाटायचं. गाडीला कुशीत घ्यायला दुसरं कोण मिळणार?

माझ्या शेडसमोरच शेजारच्या मावशींची खिडकी होती. त्या कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या, सगळ्या गल्लीच्या होत्या. एकट्या राहायच्या, शिवणकाम करायच्या. हात सोन्याचा, पण डोळे अधू झालेले. म्हणून रोज शाळेत जाण्याआधी चिमणी त्यांच्या पायरीवर बसून वीस सुया ओवून द्यायची आणि लाल उशीत टोचून ठेवायची.

"झाल्या का गं वीस?" मावशी आतून विचारायच्या.

"एकोणीस झाल्या. विसावी नखरे करतेय!"

"तुझ्यावरच गेलीय ती."

एकदा हवालदार चिखलाच्या पायांनी मावशींकडे गेला आणि शिवून तयार ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र पोशाखावर ताणून झोपला. दुसऱ्या दिवशी तो पोशाख न्यायला माणसं यायची होती. मावशी हातात लाकडी पट्टी घेऊन दारापर्यंत धावत आल्या आणि ओरडल्या, "एक दिवस विष घालीन मेल्याला! विष घालीन!" सगळ्या गल्लीने ते ऐकलं. संध्याकाळी त्याच मावशींनी दुधात पाव भिजवून हवालदाराला खिडकीतून भरवला. ते मात्र कुणी ऐकलं नाही, कारण भिजलेल्या पावाचा आवाज होत नाही.

आता मला माझ्या पोटातली एक गोष्ट सांगायला हवी. माझं इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती एक पाणी सतत फिरत असतं. ते हिरवं असतं. त्याला कुलंट म्हणतात, आणि त्यात औषध मिसळलेलं असतं. मला जोरात पळवलं की ते पाणी उकळू लागतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडू पाहतं. फोटोग्राफरला हे ठाऊक होतं. टेकडीचा रस्ता चढताना तो मला अर्ध्यात थांबवायचा आणि आपणही खाली उतरून पाय मोकळे करायचा.

धाकट्याला पाय मोकळे करायचे नव्हते. एका दुपारी दादा स्टुडिओत गेलेला पाहून त्याने न विचारता माझी किल्ली उचलली. त्याच्या मित्राने नवी गाडी घेतली होती. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी आधी कोण पोहोचतो, अशी दोघांची पैज लागली. पहिल्याच वळणावर माझा उष्णतेचा काटा वर सरकला. तिसऱ्या वळणावर तो लाल रेघेला टेकला. मी थरथरले, धापा टाकल्या, बॉनेटच्या फटीतून वाफ सोडली. मला माझ्या भाषेत एवढंच बोलता येत होतं. धाकट्याने पाय आणखी दाबला. पैज आम्ही जिंकली आणि खरं सांगते, क्षणभर मलाही अभिमान वाटला. त्या अभिमानाची मला आज लाज वाटते.

इंजिन बंद केल्यावर आतली आग लगेच निवत नाही, थोडी वाढतेच. शेडमध्ये येऊन उभी राहिले आणि माझा एक जुना पाइप फाटला. हिरवं पाणी भळभळा फरशीवर सांडलं.

"मेलो! आता दादा फाडून खाणार," धाकटा पुटपुटला. मी निवेपर्यंत तो तिथेच घुटमळत राहिला. मग पाइपला चिकटपट्टी गुंडाळली, नळाचं पाणी आणून माझ्यात ओतलं आणि फडक्याने फरशी पुसली. समोरची दिसणारी फरशी तेवढी पुसली. खोलगट जागेत वाटीभर पाणी राहिलं, ते त्याला दिसलंच नाही. किल्ली खुंटीला लावून तो हात धुवायला गेला.

मग हवालदार आला. ऊब शोधत खाली शिरला, त्याने वास घेतला आणि तो चाटू लागला. मित्रांनो, ते पाणी गोड असतं. आणि ते विष असतं. माझ्याकडे हॉर्न आहे, सगळी गल्ली जागी होईल एवढा मोठा. पण तो वाजवायला माणसाचा हात लागतो. मी उभी होते आणि तो चाटत होता. त्याने फरशी अशी स्वच्छ केली की धाकट्यालाही तसं जमलं नव्हतं.

संध्याकाळी तो झोकांड्या खात चालू लागला. चिमणी आधी हसली. दुसऱ्या दिवशी तो जरा सावरला, शेपूटही हलवली. तिसऱ्या दिवशी त्याला उठता येईना. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मान हलवली. "विषबाधा दिसते. कुणी काही खायला घातलं का?"

सगळ्यांची नजर समोरच्या खिडकीकडे गेली. हवालदार गेला त्या दुपारी चिमणी मावशींच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"तू घातलंस. तू म्हणाली होतीस."

"अगं, मी बोलले गं राणी, रागात बोलले. पण मी कशाला..."

"तू म्हणाली होतीस," चिमणी पुन्हा म्हणाली आणि घरात निघून गेली. दोन्ही घरांची दारं त्या दिवशी एकमेकांना बंद झाली. दुसऱ्या सकाळी मावशी खिडकीशी आल्या. त्यांनी सुई उजेडात धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवायला लागल्या. एक सुई ओवायला त्यांना किती वेळ लागला, ते मी पाहिलं. सगळं मला माहीत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आठवड्याने मी पुन्हा तापू लागले, तेव्हा धाकटा मला गुपचूप मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्रीने चिकटपट्टी पाहिली आणि हसला. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कुलंट सगळं गेलंय, नुसतं नळाचं पाणी भरलंय. जोरात पळवली होती ना?"

मिस्त्रीने नवा पाइप बसवला, हिरवं पाणी भरलं आणि हात पुसत म्हणाला, "आणि हे कधी सांडलं तर लगेच पुसायचं, वरून भरपूर पाणी मारायचं. गोड लागतं हे. कुत्री-मांजरं चाटतात आणि दोन-तीन दिवसांत खलास."

धाकट्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "किती लागतं?"

"लहानसं जनावर असेल तर वाटीभरसुद्धा नको."

घरी येताना त्याने मला इतकं हळू चालवलं की सायकली पुढे गेल्या. शेडमध्ये तो बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिला. मग उठून घरात निघाला. आता सांगणार, मला वाटलं. दारात चिमणी बसली होती. "काका," ती म्हणाली, "हवालदाराचं वाडगं शेडमध्ये आहे. ते कुणीच हलवायचं नाही."

"बरं," धाकटा म्हणाला. बस्स, एवढंच म्हणाला.

तेव्हापासून मला तो आवाज येऊ लागला. मी बाहेरून आले की पोटाखाली टक, टक, टक. फरशीवर नखं वाजावीत तसा. मिस्त्री म्हणेल, तापलेलं लोखंड निवताना असंच वाजतं. असेलही. पण ज्या दिवशी मी जागची हललेलीसुद्धा नसते, त्या दिवशीही तो येतो. आधी टक टक होतं, मग कुणीतरी गिरकी घेऊन बसल्यासारखं वाटतं, आणि त्या खोलगट जागेवर माझ्याकडून ऊब मागितली जाते. मी भिते, मित्रांनो. जिवंतपणी ज्याला ऊब दिली त्यालाच मी भिते.

धाकट्यालाही तो आवाज येत असावा. रोज सकाळी तो फडकं घेऊन शेडमध्ये यायचा, पालथा पडायचा आणि माझ्याखालची कोरडी फरशी पुसायचा. एक थेंब नसायचा, तरी घासून घासून पुसायचा. अशी तीन वर्षं गेली.

मावशींचं काम कमी होत गेलं. टाके वाकडे येऊ लागले होते. शेवटी त्यांनी घर सोडून बहिणीकडे जायचं ठरवलं. शिलाई मशीन जड, म्हणून धाकटा म्हणाला, "मी सोडतो." मशीन माझ्या मागच्या भागात चढवलं. मावशी मागे बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीत लाल उशी. गल्ली मागे पडली.

मग मावशी म्हणाल्या, "एक विचारू का रे? जिभेत विष असतं का?"

"म्हणजे?"

"मी त्याला काही घातलं नाही. देवाशप्पथ नाही. पण बोलले तर होते. आता कधीकधी वाटतं, माझ्या बोलण्यानंच गेला तो. एवढं वाईट बोलू नये माणसानं."

धाकट्याने मला रस्त्याच्या कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. माझ्या पोटाखाली टक टक सुरू झालं. तो मागे न बघता बोलू लागला. टेकडी, पैज, पाइप, फडकं, मिस्त्री. सगळं सांगून झाल्यावर त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

मावशींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तीन वर्षं?"

"हो."

"मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं, मी घातलं नाही म्हणून. त्या पोरीला सांग. गाडी वळव."

मी वळले. फोटोग्राफर, त्याची बायको आणि चिमणी दारात आली आणि धाकट्याने तिथेच, मशीन गाडीत तसंच ठेवून, सगळं पुन्हा सांगितलं. फोटोग्राफर खाली बसला. त्याच्या बायकोने मावशींचे दोन्ही हात धरले. चिमणी आता अकरा वर्षांची झाली होती. ती काकाकडे बघत म्हणाली, "तू रोज तिथे पुसायचास. मला वाटायचं, तुला त्याची आठवण येते."

यापेक्षा तिने त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली, मावशींच्या पिशवीतून लाल उशी काढली आणि सुया ओवू लागली. विसावी सुई खरंच नखरे करत होती. मावशी दारात उभ्या राहून रडत होत्या, पण झाल्या का गं वीस, असं त्यांनी विचारलं नाही.

त्यांना राहता आलं नाही. घर सोडून झालं होतं, तिकडे बहीण वाट बघत होती. आम्ही त्यांना पोहोचवून आलो. जाताना त्यांच्याकडे ओवलेल्या वीस सुया होत्या. वीस सुया किती दिवस पुरतात?

आता मी कुठे जात नाही. माझी चाकं बसली आहेत, सायीचा रंग उडाला आहे. तुम्हाला वाटेल, खरं बाहेर आल्यावर तो आवाज थांबला असेल. नाही थांबला. फक्त आता मी त्याला कमी भिते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिला धाप लागेपर्यंत पळवू नका, आणि ती उभी केलीत की खाली वाकून बघा. हिरवा थेंब दिसला तर आधी फडकं घ्या, सगळं पुसा, वर पाणी ओता. मग लगेच घरात जा आणि सांगा, हे माझ्या हातून झालं. त्याच दिवशी सांगा. उशीर झाला तर दुसऱ्याच कुणाला तरी सुई उजेडात धरून बसावं लागतं.

जाण्याआधी एकदा पुन्हा वाका ना. ती जागा कोरडी आहे ना?