दांड्याच्या धर्मानं निवडलेला टायर

मी टायर बोलतोय. ट्रकचा नव्हे, टॅक्सीचाही नव्हे. एका लहान लाल मारुतीचा, डाव्या अंगाचा पुढचा टायर. अंगानं रुंद, उंचीला बुटका. काळ्या रबराच्या कड्याला कसली आलीय कहाणी, असं तुम्हाला वाटेल. पण बसा घटकाभर. मी जी सांगणार आहे ती कहाणी माझी थोडी आणि एका आईची जास्त आहे.

जन्माचं फार सांगत बसत नाही. झाडाचा चीक, काजळी आणि गंधक एकत्र मळलं, पोटात बारीक तारा घातल्या आणि लोखंडी साच्यात घालून शेकलं. बाहेर आलो तेव्हा अंगभर रबराचे बारीक केस होते, तान्ह्या पोराच्या पाठीवर असतात तसे. अंगावर खोल खाचा होत्या. पावसाचं पाणी त्या खाचांतून निघून जावं आणि माझं अंग रस्त्याला घट्ट धरून राहावं, एवढंच माझं काम. धरून राहायचं, सोडायचं नाही.

तिथून मी घाटकोपरला सहदेवच्या दुकानात आलो. सहदेव मालवणाकडचा. गिरणीत होता, संपात गिरणी गेली, मग पंक्चर काढता काढता टायर विकायला लागला. त्याच्या फळीवर आम्ही चार भाऊ एकावर एक बसून होतो. गिऱ्हाईक यायचं, आम्हाला बुटानं ठोकून बघायचं आणि शेजारचा साधा, पोटात तारांऐवजी नायलॉनचे धागे असलेला स्वस्त टायर घेऊन जायचं. माणसांची ही रीत मला कधी कळली नाही. भाजी घेताना हळूच दाबून बघतील, आणि ज्याच्या जिवावर घरी पोचायचं त्याला लाथ घालून बघतील.

धर्मानं लाथ घातली नाही. तो आला तेव्हा सत्त्याऐंशीचा आषाढ चालू होता, बाहेर रस्ता नुसता पाणी झाला होता. खारदांड्याच्या कोळीवाड्यातला हा पोरगा अंधेरीला माणिकशेठच्या गॅरेजात रोजंदारीवर मेकॅनिक होता. त्यानं उकिडवं बसून माझ्या खाचांत अंगठा घातला, कडेनं हात फिरवला, मला उचलून वजन बघितलं. मग शेजारचा नायलॉनचा बघितला, जुन्या अंगावर नवी साल चढवलेला एक होता तोही बघितला, आणि परत माझ्यापाशी आला. सहदेवचा चहा निवून गेला तरी याचं बघणं संपेना.

सहदेवनं विचारलं, "काय रे, लग्नाची पोरगी बघतंस काय? गाडी कुठे चालवतलंस ता सांग आधी."

"शर्यतीला."

"मग ह्योच घे. नायलॉनचो वळणावर तुका भिंतीक नेऊन सोडतलो. पण एक ऐक. नवो टायर गुळगुळीत असता. थोडे दिवस रस्त्यावर घास, मग काढून ठेव. आणि धुवायचो तो साबणाच्या पाण्यानं. तेल, रॉकेल, कायेक लावू नको. तेल लागला की रबर मेला म्हणून समज."

धर्मानं मान हलवली. आम्ही चौघे त्याच्याबरोबर निघालो.

ती लाल गाडी म्हणजे माणिकशेठच्या कुणा गिऱ्हाइकानं ठोकून टाकून दिलेली. धर्मानं ती पुन्हा उभी केली होती. श्रावणातल्या एका रविवारी मुलुंडला, बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात गाड्यांची शर्यत होणार होती. माणिकशेठनं सांगितलं होतं, तिथं चांगला चालवलास तर यापुढं गॅरेजची गाडी तूच चालवायची, नोकरी पक्की. टायर मात्र तुझे तू निवड, त्यातच मला कळेल तुला काय समजतं ते.

नोकरीची एवढी काय असोशी, असं मला आधी वाटलं. दांड्याला त्याच्या घरी गेलो आणि उमगलं.

घरात बाप हरेश्वर, आई कमळ आणि भिंतीवर हार घातलेला मोठ्या भावाचा फोटो. महादू त्याचं नाव. तीन वर्षांपूर्वी तो होडी घेऊन गेला आणि होडीच्या फळ्या तेवढ्या परत आल्या. त्यानंतर हरेश्वरानं उरलेली दुसरी होडी एकट्यानं ओढली. आता त्याला गुडघे उचलवेनात. त्यानं धर्माला सांगून टाकलं होतं की नारळी पुनवेपर्यंत तुझं काय ते ठरव. जमिनीवर पक्कं काम मिळालं तर होडी विकून टाकू. नाही मिळालं तर पुनवेला नारळ टाकून होडीवर चढायचं. बाप वाईट नव्हता हो. होडी त्याच्या बापाची होती, आणि घरात दुसरा पुरुष नव्हता.

 कमळ रोज अंधेरीच्या बाजारात, माणिकशेठच्या गॅरेजासमोरच पाटी घेऊन बसायची. गॅरेजातली पोरं तिला मावशी म्हणत, तिच्याकडचे बोंबील घरी नेत. पण घरी आली की ती फोटोकडे बघायची, मग धर्माकडे बघायची, आणि ताटात भात जास्त वाढायची. एवढंच तिचं बोलणं.

धर्मानं आम्हाला थोडे दिवस जुहूच्या रस्त्यावर घासलं. मग चाकांसकट काढून साबणानं धुतलं आणि घराच्या ओट्यावर गोधडीवर ठेवलं. शर्यतीला जाईपर्यंत जुनी चाकं, आणि तिथं पोचल्यावर आम्ही, असं त्यानं ठरवलं होतं. आईला तो सगळं सांगायचा. शर्यत कशी असते, वळण कसं घ्यायचं, या टायरवर आपलं सगळं कसं टेकलंय. सहदेवनं तेलाचं सांगितलं होतं तेवढंच सांगायचं राहिलं. टायराला तेल लावायचं कुणाच्या मनात तरी येईल का, असं त्याला वाटलं असणार.

आता कोळीवाड्यातला श्रावण कसा असतो ते ऐका. होड्या सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. पुनव जवळ आली की त्यांच्या लाकडाला मुशीचं तेल चोळायचं. मुशी म्हणजे तो दातेरी मोठा मासा, त्याच्या काळजाचं तेल. त्याचा वास असा की परका माणूस नाक धरून पळेल, पण लाकूड त्यानं खाऱ्या पाण्यात टिकतं. तेल पाजल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाहीत. महादूची होडी त्या साली घाईत लोटली, नीट तेल पाजलं नाही, म्हणून ती फुटली, असं कमळच्या मनानं घेतलं होतं. खरं काय ते समुद्राला ठाऊक. पण ती गोष्ट तिच्या मनात सलत होती आणि तिनं ती कुणाजवळ बोलली नव्हती.

शनिवारी दुपारी हरेश्वराच्या होडीला तेल लावून झालं. डब्यात उरलं होतं. ऊन पडलं होतं, धर्मा गॅरेजात गेला होता. कमळ डबा घेऊन ओट्यावर आली आणि माझ्यासमोर बसली.

तिनं फडकं तेलात बुडवलं आणि माझ्या अंगावर टेकवलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. बाई, होडीला जे अमृत ते मला विष आहे, असं सांगितलं असतं. पण टायराला तोंड कुठं असतं? तिनं एकेका खाचेत बोट घालून तेल चोळलं. वरचं पुसलं, पुन्हा चोळलं, हाताला लागेनासं होईपर्यंत आत मुरवलं. लहानपणी धर्माला न्हाऊ घालताना तिनं असंच चोळलं असेल. तोंडानं पुटपुटत होती, "माज्या पोराला नीट घेऊन जा रं. मागं एकाला तसाच धाडला. याला नाय धाडणार." चौघांचं करून झाल्यावर तिनं आम्हाला हळदकुंकू लावलं आणि गोधडी टाकली.

रबर किती हळू मरतं ते मला त्या दिवशी कळलं. वरून मी काळाभोर, तुकतुकीत दिसत होतो. आतून फुगत होतो, मऊ पडत होतो.

धर्मा आला, हळदकुंकू बघून हसला. वास त्याला आला नाही. जन्मापासून ज्या वासात वाढला तो त्याला कसा येणार? सगळ्या दांड्यालाच त्या दिवसांत तो वास असतो.

रविवारी मुलुंडला आवारात सिमेंटचा रस्ता ओला होता. नुकतीच सर येऊन गेली होती. धर्मानं आम्हाला चढवलं, नट आवळले, पाना खाली ठेवून दोन्ही हात पँटला पुसले. पहिली फेरी मी कशीबशी निभावली. मग अंग तापलं, आणि मुरलेलं सगळं तेल घामासारखं बाहेर आलं. भिंतीजवळच्या वळणावर त्यानं स्टिअरिंग फिरवलं. मीही फिरलो, पण जमीन माझ्या हाती लागेना. जन्मभर ज्यासाठी घडवलं गेलो तेच मला करता आलं नाही. गाडी सरळ गेली आणि भिंतीवर आदळली.

धर्मा खरचटला, बाकी धड होता. तो उतरला, माझ्यापाशी बसला, माझ्यावर तळवा ठेवला आणि तो तळवा नाकाशी नेला. तिथं पेट्रोल आणि ओल्या सिमेंटच्या वासात त्याला घरचा वास लागला. त्यानं तळवा पँटला पुसला.

माणिकशेठ आला. माणूस सरळ होता. म्हणाला, "अरे, असा तू चालवत नाहीस. काहीतरी बिघडलं असेल तर सांग. पुढच्या महिन्यात परत देतो गाडी. कारण सांग फक्त."

धर्मानं एक वाक्य बोललं की पुरे होतं. पण शेठच्या मागे गॅरेजातली सगळी पोरं उभी होती. हीच पोरं उद्या बाजारात मावशीच्या पाटीशी जाणार होती. मावशीनं टायराला मुशीचं तेल पाजलं, ही गोष्ट अंधेरीत महिनाभर हसून हसून सांगितली गेली असती. आणि तिच्या कानावर ती गेलीच असती. एक पोरगा तेल न लावल्यामुळं गेला असं मानणाऱ्या आईला, दुसरा तेल लावल्यामुळं भिंतीवर गेला, हे ऐकावं लागलं असतं.

धर्मा म्हणाला, "गाडीत काय नाय, शेठ. टायर मीच चुकीचे निवडले."

माणिकशेठनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग हळू म्हणाला, "ज्याला टायर निवडता येत नाही त्याच्या हातात मी गाडी कशी देऊ रे?" आणि निघून गेला.

आम्हा चौघांना चाकांवरून उतरवून तो घरी घेऊन आला, आणि घरीही त्यानं तेच सांगितलं. हरेश्वर जाळ्याची गाठ मारत राहिला. कमळ मात्र पेटली. सोमवारी तिनं मला डोक्यावर घेतलं, पाटी घेते तशी, आणि बसनं थेट घाटकोपर गाठलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, मासळी कुठं गेली? तिनं त्याला असं काही ऐकवलं की तो तिकीट देऊन पुढं सरकला. धर्मा मागून येत होता, नको आये, नको आये, म्हणत.

तिनं मला सहदेवच्या पुढ्यात आदळलं. "हा सडका माल माज्या लेकराच्या गळ्यात बांदलास? तुज्या घरात पोरं नायत काय रं? माजा एक गेला दर्यात, हा एक वाचवायचा होता मना."

सहदेव वाद घालायच्या तयारीनं उठला होता. त्यानं मला वळवलं, बोट दाबलं. बोट आत रुतलं. त्यानं बोट नाकाशी नेलं आणि तो थांबला. किनाऱ्यावरचाच माणूस, वास त्यानं ओळखला. त्यानं वर बघितलं. कमळच्या मागे उभ्या असलेल्या धर्मानं नुसती मान हलवली, नाही, अशी.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत सहदेवनं कमळपुढं हात जोडले. "होय गे माये. माल वायट होतो. चूक माजीच."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून निघून गेली. कमळचा राग एकदम ओसरला आणि ती तिथंच पायरीवर बसून रडली. सहदेवनं तिला पाणी दिलं.

पुनवेला नारळ टाकला आणि धर्मा होडीवर चढला. दुकानातून परत आणलेला टायर फेकून कशाला द्यायचा म्हणून हरेश्वरानं मला होडीच्या कुशीला दोरीनं बांधलं, धक्का लागला तर लाकडाला लागू नये म्हणून. आता खारं पाणी, ऊन, शेवाळ. अंगावर भेगा पडल्यात. एका खाचेत कालवं धरलीत. धर्मा माझ्याकडे बघत नाही. तो होडी हाकणारा चांगला नाखवा झालाय असं लोक म्हणतात, पण तो गप्प झालाय असं कुणी म्हणत नाही. कोळी गप्पच असतो असं त्यांना वाटतं. पहाटे होडी निघाली की कमळ कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते, आणि होडी तिच्याजवळून जाताना मला शिव्या घालते. मेल्या, तुझ्यापायी माझं पोर दर्यात गेलं, म्हणते. मी ऐकून घेतो. ज्या बाईनं मला तेवढ्या मायेनं चोळलं तिच्या शिव्या मला जड नाहीत.

माझे फार दिवस उरले नाहीत. एखाद्या वादळात दोर तुटेल आणि मी तळाशी जाईन, त्याचं दुःख नाही. तुमच्याकडे मागणं एकच. कधी अंधेरीच्या बाजारात गेलात आणि पाटीमागची एखादी म्हातारी बोंबील निवडता निवडता सांगू लागली, की माझा पोरगा मोठा गाडीवाला होणार होता पण टायरनं दगा दिला, तर तिला थांबवू नका. शहाणपण शिकवू नका. नुसतं म्हणा, होय मावशी, टायरच वाईट होता.