दोन वाट्या

"परत म्हण. शांतपणे. काही घाई नाही."

रेवतीने आधी आईच्या हाताकडे पाहिलं. मग ओठ मिटून जोर लावला. "माझं नाव रे... रे... रे..."

मानसीने एक वाल उचलून डावीकडच्या वाटीत टाकला. टप्प. उजवीकडच्या वाटीत जेमतेम तीन होते.

"अगो, चेडवाक श्वास तरी घेवक दे," ओट्यापाशी उभ्या असलेल्या सासूबाई, विमलाबाई, म्हणाल्या. "आणि ते वाल माका भिजत घालूचे आसत. तुझा गणित झाला काय हय दी."

"आई, शेवटचे दोन. दहा पुरे व्हायला हवेत."

"सुबोध पण ल्हानपणी असोच अडकायचो. आमी कधी मोजूक नाय."

हे 'असोच' ऐकलं की मानसीला धडकीच भरायची. तिचा नवरा सुबोध आजही अनोळखी माणसाचा फोन घ्यायचं टाळतो, तिच्या हातात देतो, हे त्याच्या आईला कुठे ठाऊक होतं?

मानसी मुलुंडच्या एका क्लासमध्ये बारावीला गणित शिकवायची. द्विपद वितरणाचा धडा आला तसं क्लासच्या हर्षदसरांनी फर्मान काढलं होतं, "नाणी-फासे बस झाले. घरातला प्रयोग आणा, मुलांना पटेल असा." प्रयत्न ठरावीक हवेत. प्रत्येकाचा निकाल यश नाहीतर अपयश, तिसरं काही नाही. यशाची संभाव्यता दरवेळी तीच, आणि एका प्रयत्नाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. एवढं जुळलं की झालं. तिला आधी सुचले होते वालच. मूठभर भिजवायचे आणि कितींना मोड येतात ते बघायचं. पण वाल काढायला बसली, तेव्हा समोर लेक उभी होती.

दिवाळीनंतर, का कुणास ठाऊक, पाच वर्षांच्या पोरीची जीभ अडकायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते, या वयात होतं, वाट बघा. वाट बघणं मानसीला कधी जमलंच नाही. भीतीला एखादा आकडा मिळाला तर ती आवाक्यात येईल, असं तिला वाटलं.

मग रोज संध्याकाळी टेबलावर दोन वाट्या मांडल्या जाऊ लागल्या: नाव न अडखळता आलं तर वाल उजवीत, अडखळलं तर डावीत. डावीत दिवसेंदिवस जास्त वाल पडत गेले. आणि शुक्रवारी रेवती बोललीच नाही. काही विचारलं की मान हलवायची, पाणी हवं असलं की फिल्टरकडे बोट दाखवायची. मानसी हातात वाल धरून बसून राहिली. गप्प राहणं कुठल्या वाटीत टाकायचं?

तरीही शनिवारी तिने तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं. नाव अर्थातच दिलं नाही. 'एक मुलगी दहा वेळा आपलं नाव सांगते...'

"मॅडम, हे नाही बसत," मागच्या बाकावरून देवव्रत म्हणाला.

"का रे?"

"माझी तोंडी परीक्षा आठवा ना! पहिल्याच प्रश्नाला त त प प झालं, पुढच्या सगळ्यांची वाट लागली. एकदा अडकलं की डोक्यात तेच बसतं."

"आणि समोर सर मार्क टाकताना दिसत असतात," प्रांजलने री ओढली. "मला तर येतं ते पण सांगता येत नाही, यार."

वर्ग खो खो हसला. मानसीला हसू फुटेना. एका प्रयत्नाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही, हे वाक्य तिने कित्येक तुकड्यांकडून घोकून घेतलं होतं. आणि घरी, टप्प असा आवाज झाला की पुढच्या शब्दाआधीच खांदे आकसून घेणारी पोर तिला दिसली नव्हती. दिसली होती, खरं तर. अगदी बारकाईने दिसली होती. तिने तेही अडखळण्यातच धरलं होतं.

"बरोबर आहे. उदाहरण चुकलंय," ती म्हणाली आणि तिने फळा पुसला.

नाहूरला घराच्या दाराशी पोचली, तेव्हा आतून आवाज येत होता.

"आजी, मां... मां... मांजर आलेलं खिडकीत!"

"मगे?"

"मग ते म्हणालं, मा... मा..." बराच वेळ तो शब्द येईना. आजीने तो पुरवला नाही. आत फक्त भांडं घासल्याचा आवाज. "मासे कुठायत?"

"तू काय सांगलंस तेका?"

"सांगितलं, आज शनिवार आहे!" आणि रेवती खदखदून हसली.

मानसीने कुलपापर्यंत नेलेला चावीचा हात मागे घेतला. आपण आत गेलो की हे थांबेल, हे कळायला कुठलाच प्रयोग लागत नव्हता.

लिफ्टमधून शेजारच्या सुलक्षणाकाकू उतरल्या. "काय गं, चावी विसरलीस? बेल मार ना, आई आहेत घरात."

"हो, विसरले," मानसी हळूच म्हणाली आणि मुठीतली चावी पर्समध्ये सरकवली. "त्यांचं काम चाललंय. होऊ दे."

काकू आपल्या घरात गेल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली. आत मांजराची गोष्ट अजून अडत अडत पुढे चालली होती.