रशियाचं मावंदं

आमच्या ह्यांना, म्हणजे सुकलाल आचाऱ्यांना, शेठजी विमानातून रशिया दाखवायला घेऊन गेले, असं मी सुरतेतल्या आमच्या अख्ख्या बमरोलीत सांगत फिरले होते. खरं म्हणजे कापडाचे बावीस व्यापारी मॉस्को बघायला निघाले होते आणि त्यांना तिथेही कांदा-लसूण नसलेलं घरचं जेवण हवं होतं. पण इतकं बारीक कशाला सांगायचं? शहाण्णव साली आमच्या गल्लीत विमानात कोण बसलं होतं? बसलेल्याच्या बायकोनं थोडं मिरवायला नको?

नऊ दिवसांनी हे परतले आणि घरात लोकांची रीघ लागली. तिथला चौक केवढा? पाचशे माणसांची पंगत बसेल एवढा. नदी कशी? पाणी जड, डाळ लवकर शिजत नाही. आणि देवळावर म्हणे रंगीत कांदे बसवलेत! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण चहा गाळता गाळता मी नुसती फुगत होते.

आमच्या खानदेशी गल्लीच्या टोकाला धुरपदाबाई राहायच्या. सत्तरीच्या, आणि गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा.

"सुकलाल, इतला लांब जाई उना, मंग मावंदं कधय?"

काशी करून आलेला माणूस गावाला जेवू घालतो, ते मावंदं. रशियाचं कसलं मावंदं, म्हणून मी हसले, पण गल्लीनं ते उचलूनच धरलं. शिवाय धुरपदाबाईंचा नियम असा की, काय काय पाहिलं ते पंगतीत उभं राहून सांगायचं.

रविवारी सकाळी हे रशियन रस्सा करायला बसले. बीट, कोबी, बटाटे. मी बीट किसत विचारलं, "हाई कोठे खादं तुम्ही?"

"तठला हॉटेलनी सयपाकीन गालिना बाई देये. मन्हासंगे बटाटा सोलाले बसे ती."

"आनि तो कांदास्ना देऊय?"

हे खाली मान घालून कोबी चिरत राहिले. मी गळ्याची शपथ घातली तेव्हा कुठे बोलले. देऊळ हॉटेलच्या भिंतीवरच्या चित्रात पाहिलं होतं. शेवटच्या दिवशी बसमध्ये एक जागा रिकामी होती, पण विमानात खायचे ठेपले कोण लाटणार? नऊ दिवसांत या माणसानं मॉस्कोतला एकही रस्ता ओलांडला नव्हता.

मला असा संताप आला! शेठचा आला, ह्यांचा आला, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त माझ्या तोंडाचा आला. आता गल्लीत नाक कुठे लपवू? मी ह्यांना बजावलं, "पंगतमा हाई बोलू नका. देऊयच सांगा."

दुपारी पंगत बसली. लाल रस्सा, वर दह्याचा चक्का. पोरं बोटं लाल करून एकमेकांना दाखवत होती. कुणीतरी म्हणालं, हा तर कोबीचाच रस्सा! धुरपदाबाईंनी वाटी संपवली आणि हाक दिली, "सांग भाऊ. काय काय दखं?"

हे उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले.

"कायीच नही दखं," हे म्हणाले. "चूल दखी."

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान तापले. धुरपदाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

"वाढ. माले बी पाटीलना घरना काशीले लई गयथात, सयपाकले. वीस दिन चूल फुकी. गंगा दखी ती भांडा घासताना." मग म्हणाल्या, "मावंदं त्यास्नी घालं. माले कोनी इचारंच नही, काय दखं."

ह्यांनी रस्सा वाढला, काठोकाठ. माझं नाक, माझं मिरवणं, सगळं त्या वाटीपुढे मला फार फालतू वाटलं.

पुढच्या रविवारी मी चूल पेटवलीच नाही. अकरा वर्षं सुरतेत राहून आम्ही तापीकाठचा किल्लाही पाहिला नव्हता. धुरपदाबाईंना मध्ये घेऊन तिघं रिक्षात बसलो, किल्ल्याला अख्खा वळसा घातला, आणि हातगाडीच्या लारीवर गरम लोचो मागवला, वर तेल सोडलेला मऊ ढोकळाच तो. हे सवयीनं उठून लारीवाल्याचं तेल बघायला निघाले. मी सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

"बठा," म्हटलं. "आज दुसरा कोनी वाढी."