मास्तरांचं हेल्मेट

"पडलंय का हे कधी? कुठं आपटलंय?" तपासनीसाने हेल्मेट हातात फिरवत विचारले.

"छे हो!" मास्तर हसले. "परवाच रंगवलंय. बघा ना कसं नटून बसलंय."

"तुम्हाला नाही विचारलं, मास्तर. गाडी कोण चालवणार आहे?"

"मी," त्यांची मुलगी म्हणाली.

"मग तुम्ही सांगा."

तपासणीच्या टेबलामागे रांग लागली होती. गावाबाहेरच्या जुन्या, वापरात नसलेल्या धावपट्टीवर क्लबच्या हौशी शर्यती व्हायच्या. कोणी बेकरीवाला, कोणी शिक्षिका, कोणी दातांचा डॉक्टर. आठवडाभर आपापली पोटापाण्याची कामे करायची आणि रविवारी जुन्या गाडीत बचावासाठी लोखंडी पिंजरा बसवून पळायचे. तपासनीसही एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा. पण रविवारी या टेबलामागे उभा राहिला की तो सख्ख्या भावालाही ओळखत नसे.

घरात या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी कधी टिकली नाही. आज मात्र ती खिळल्यासारखी उभी होती. तिने एकदा वडिलांकडे पाहिले. मास्तरांनी डोळ्यांनीच खूण केली, नाही म्हण.

"हो," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी बाबांची गाडी उलटली होती. तेव्हा हेच त्यांच्या डोक्यावर होतं."

तपासनीसाने हेल्मेट हलकेच टेबलाच्या पलीकडे ठेवले. "मग नाही चालणार. वापरायची मुदत शिल्लक आहे, वरून ठाकठीक आहे. पण एकदा मार खाल्लेलं मी सोडत नाही. तुम्ही बोलला नसतात, तर मला कळलंही नसतं."

ते शेवटचे वाक्य मास्तरांच्या कानात कुसळासारखे रुतून बसले.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्धे गाव त्यांच्या हाताखाली गाडी शिकले होते. आठवडाभर ते नवशिक्यांच्या शेजारी बसून "हळू, हळू, अहो ती म्हैस नाही, क्लच आहे" असे ओरडत, आणि रविवारी स्वतः शर्यतीत उतरत. कधी पहिले आले नाहीत. एकदा तिसरे आले, तर ते वर्षभर पुरवून पुरवून सांगितले. मग तो अपघात झाला. चाक पट्टीच्या कडेवरून गवतात गेले आणि गाडी कोलांट्या खात उताराला लागली. कुंपणाशी उभ्या असलेल्या भिंगरीच्या तोंडचे पाणी पळाले. पण मास्तर स्वतःच्या पायांनी बाहेर आले, हेल्मेट काढले आणि म्हणाले, "काही नाही, काही नाही."

त्यानंतर ते पुन्हा शर्यतीच्या गाडीत बसले नाहीत. बायको काही म्हणाली नव्हती. त्यांनाच जमले नाही. हेल्मेट मात्र कपाटावर विराजमान झाले. घरी कोणी आले की मास्तर ते खाली काढून दाखवत. "यानं वाचवलं मला. पावलेलं आहे हे!"

भिंगरी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या मशीनवर कामाला होती. मैत्रिणीबरोबर भागीदारीत तिने एक जुनी गाडी घेतली, परवाना काढला, आणि मास्तरांच्या अंगात जणू पुन्हा वारे भरले. हेल्मेटच्या डाव्या बाजूवरचा लांबलचक ओरखडा त्यांनी पुट्टी भरून घासला. त्यावर निळा रंग आणि पांढरा पट्टा. मैत्रीण आपले हेल्मेट द्यायला निघाली होती, तिला परस्पर कळवले, "घरचं असताना दुसऱ्याचं कशाला?" आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी लेकीपुढे धरले. त्यांचा फुललेला चेहरा पाहून तिच्या घशातले शब्द घशातच राहिले. तपासणीपर्यंत राहिले.

आता ती हेल्मेटवाचून उभी होती. मैत्रीण परगावी. बेकरीवाल्याने आपले जास्तीचे देऊ केले. ते तपासणीत पास होते, पण त्याचे डोके कलिंगडाएवढे. भिंगरीने घालून मान हलवली. डोके आधी वळले, हेल्मेट मागून आले.

"पट्टा आवळ घट्ट," मास्तर म्हणाले. "दहाच तर फेऱ्या आहेत."

तिने ते काढून बेकरीवाल्याला परत दिले, त्याचे आभार मानले आणि यादीतून आपले नाव काढून घेतले. मग तपासनीसाला म्हणाली, "झेंडा धरायला माणूस हवाय का?"

दिवसभर ती दुसऱ्या वळणावर धोक्याचा पिवळा झेंडा घेऊन उन्हात उभी राहिली. मास्तर काचा वर करून गाडीत बसले.

परतताना निम्म्या रस्त्यात मास्तरांनी काच खाली केली.

"दोन शब्द गिळले असतेस, तर काय बिघडलं असतं?" शेवटी मास्तर म्हणाले. "झाकली मूठ होती."

"बाबा, त्या मुठीत डोकं माझं होतं."

"माझं होतंच की त्यात! मेलो का?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी तेव्हा कुंपणाशी होते, बाबा. तुम्ही आतून पाहिलंत. मी बाहेरून पाहिलंय."

घरी मास्तर ताटावर वाकून भराभर जेवले. बायकोने सगळे लेकीकडून ऐकून घेतले होते. ताटे उचलता उचलता ती म्हणाली, "अहो, एक विचारू? पोर खरं बोलली म्हणून राग आलाय, की तुम्ही खोटं बोललात ते चारचौघांत दिसलं म्हणून?"

"हेल्मेट शाबूत आहे!" मास्तर उसळले. "तो लिफ्टवाला काय आत शिरून बघून आला?"

"मग तुम्ही बघा की आत शिरून."

ती टोमणा मारून गेली, पण मास्तरांनी तो शब्दशः घेतला. लेकीला खोटे पाडायचे तर दुसरा मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी ते हेल्मेट काखोटीला मारून सुताराच्या दुकानात गेले.

"मधोमध काप," ते म्हणाले.

सुताराने हेल्मेट पाहिले, मग मास्तरांकडे पाहिले. "घरी सगळं ठीक आहे ना?"

"काप रे तू."

करवत किंचाळली, पांढरा भुगा उडाला आणि हेल्मेटची दोन शकले झाली. मास्तरांनी उजवे आधी उचलले. आतला फोम जाड, गुबगुबीत, नव्यासारखा. "हे बघ!" ते विजयाने म्हणाले. मग डावे उचलून त्याचे अस्तर सोलले.

कानाच्या जरा वर, नेमकी जिथे त्यांनी पुट्टी भरली होती त्याच्या आतल्या बाजूला, फोम दबून पापडासारखा पातळ आणि टणक झाला होता. तिथून मागच्या बाजूला एक बारीक चीर गेली होती. अस्तर होते तोवर बाहेरून काही दिसायचा सवालच नव्हता. मास्तरांनी त्या खळग्यात अंगठा ठेवला. अंगठा नीट बसला.

"हे काय झालं?" सुताराने विचारले.

"माझ्या वाटचा मार यानं खाल्ला," मास्तर म्हणाले. त्यांचा हात आपसूक आपल्या डाव्या कानाच्या वर गेला. ते तिथेच उंबऱ्यावर टेकायला गेले. सुताराने स्टूल पुढे सरकवले आणि पाणी दिले.

संध्याकाळी भिंगरी कामावरून आली, तेव्हा दोन्ही शकले टेबलावर होती. मास्तर खुर्चीत बसले होते. तिने डावे शकल उचलले, आत बोट फिरवले. बराच वेळ फिरवत राहिली.

"यात मी तुला बसवत होतो," मास्तर म्हणाले. "वर पट्टा काढून दिला पांढरा."

"पट्टा छान होता पण," ती म्हणाली. मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, हे नसतं तर काल माझ्याशी भांडायला कोण असतं? त्यानं त्याचं काम केलंय. आता त्याला परत कामाला लावू नका."

मास्तरांनी मान डोलावली. मग "त्या तपासनीसापुढे मी खोटं बोललो. तुला खुणा केल्या. ते चुकलंच माझं," असेही म्हणाले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज तेवढ्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

नवे हेल्मेट भिंगरीने स्वतः निवडले. मास्तर फक्त सोबत गेले आणि दुकानात हाताची घडी घालून उभे राहिले. तोंड उघडायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. ते साधारण तीन मिनिटे टिकले.

"गाल दाबले जातायत तुझे. माशासारखी दिसतेयस."

"दाबले गेलेच पाहिजेत, बाबा. हलवून बघा."

त्यांनी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हलवले. तिचे डोके त्याच्याबरोबर हलले, कातडीसकट. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या शर्यतीला बायकोही आली. इतक्या वर्षांत ती धावपट्टीवर कधी फिरकली नव्हती. मास्तर पळत होते तेव्हा ती घरी बसून कपाटे आवरायची. यावेळी सकाळी चपला घालून सरळ गाडीत जाऊन बसली.

गाडीत भिंगरीचे पट्टे मास्तरांनी आवळले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून, एक खालून.

"झालं," ते म्हणाले.

"नाही झालं. अजून ओढा."

"श्वास घेता येईल ना?"

"तेवढा घेते मी. ओढा, बाबा."

त्यांनी ओढले. मग तिने प्रत्येक पट्टा पुन्हा स्वतःच्या हाताने ओढून पाहिला. मास्तरांना जरा लागले, आणि लगेच बरेही वाटले. आपण तपासलेले तिने पुन्हा तपासले होते. त्यांनी पिंजऱ्यावर दोन थापा मारल्या आणि बाजूला झाले.

झेंडा पडला. अकरा गाड्या एकदम गरजल्या. कुंपणाशी बायको खाली मान घालून उभी होती. दोन्ही हातांनी तिने जाळी घट्ट धरली होती आणि नजर स्वतःच्या चपलांवर.

"कुठंय ती?" तिने विचारले.

"पहिल्या वळणावर. नववी आहे. नीट वळली... आता सरळ पट्टीत आहे."

"आणि आता?"

"तो बेकरीवाला अंगावर येतोय. तिनं जागा दिली त्याला. शहाणी आहे. पुढच्या वळणावर गाठेल बघ... गाठलं! गाठलं गं!"

फेरीमागून फेरी मास्तर सांगत राहिले. कुठे ब्रेक लावला, कुठे सोडला, धुळीत मागचे चाक कसे घसरले आणि तिने कसे सावरले. सांगता सांगता त्यांचा आवाज बसला. बायकोच्या हातातली जाळी गाडी जवळ आली की थरथरायची आणि दूर गेली की थांबायची.

"शेवटची फेरी," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आठवी आहे. लांबच्या वळणावरून निघालीय, आता इकडंच..."

"थांबा," बायको म्हणाली. "सांगू नका."

तिने जाळीवरचा एक हात सोडला, कपाळावर आडवा धरला आणि मान वर केली.

"बघू द्या मला."